काळ्यावरची चांदी

टेबलावर पाच तुकडे ओळीने मांडून ठेवले होते आणि पाचांवरही तिच्या धाकट्या भावाचं तोंड होतं. केसांपासून खांद्यांपर्यंत, खऱ्यापेक्षा थोडं मोठं. तिनं आधी कडा पाहिल्या. सवयच होती ती. कुठलाही नमुना हातात आला की आधी कड, मग पृष्ठभाग, मग चित्र. चित्राकडे बघायची वेळ बहुतेकदा येतच नसे. आज कडा बघून झाल्या, पृष्ठभागावरून नजर सरकली आणि डाव्या भुवईतल्या खाचेपाशी येऊन थांबली. पत्र्याच्या डब्यावर आपटून पडलेली खाच. मग पुढच्या तुकड्यावरची खाच, मग त्याच्या पुढच्या. ऑपरेटर बाजूला उभा राहून फडक्यानं बोटं पुसत होता. "सगळ्यांत जास्त काळा ह्याच्यातच आहे, ताई," तो म्हणाला. "केस बघा ना. शाईची नुसती साय चढलीय. चांदी यायची असेल तर ह्याच्यावर आधी येणार. म्हणून सगळ्या फायलींतून हाच उचलला टेस्टला." ती "हं" म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच आला याचं तिला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचंच कसंतरी वाटलं. छतावरचा पंखा एका बाजूला कुरकुरत होता. तो रोजच कुरकुरत असणार, पण तिला तो आत्ता पहिल्यांदा ऐकू आला.

चांदी हा त्यांच्या कारखान्यातला शब्द. बाहेर कुणाची चांदी झाली म्हणजे त्याचं नशीब उघडलं. इथं चांदी झाली म्हणजे अख्खा रोल भंगारात. त्यांच्या मशीनची शाई व्हिनाइलमध्ये, म्हणजे पाठीला गोंद असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत, मुरत नाही. निळसर दिव्याखाली जागच्या जागी वाळते आणि थरासारखी वर बसून राहते. बोट फिरवलं तर अक्षराची कड बोटाला लागते. त्यावर जे पारदर्शक लॅमिनेट चढवायचं, त्याचा गोंद त्या कडांच्या बेचक्यांत उतरला नाही तर तिथं हवा राहते. एकेक कण दिसत नाही, पण सगळे मिळून काळ्यावर पांढुरकी झाक येते, थंडीत काचेवर श्वास सोडल्यासारखी. गोऱ्या गालावर ती लपते, आकाशात लपते. काळ्या केसांत लपत नाही. ऑपरेटरनं केलं ते अगदी बरोबर केलं होतं. तिच्या हाताखाली शिकला होता, आणि "टेस्टला नेहमी सगळ्यांत काळा कोपरा घे," हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

काम कुणाचं आहे ते तिला ऑर्डर आली तेव्हापासून ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी नदीत लाँच उलटली होती. आता धक्क्यावर नवीन प्रतीक्षागृह बांधलं होतं आणि त्याच्या आतल्या गोलाकार भिंतीवर गेलेल्या सगळ्यांचे चेहरे लागणार होते. सगळ्यांचे म्हणजे लाँच चालवणाऱ्याचासुद्धा. त्यावरून पुष्कळ वादावादी झाली होती. काही घरच्यांनी सांगितलं होतं की तो भिंतीवर असेल तर आमचं माणूस तिथं नको. दुसरे म्हणाले होते की तोही त्याच पाण्यात गेला. शेवटी समितीनं मेला तो मेला असं ठरवलं, आणि कुणी कुठं यायचं ते चिठ्ठ्या टाकून काढलं, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. हे सगळं तिनं जेवणाच्या सुट्टीत इतरांसारखंच पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. फायलींच्या गठ्ठ्यात त्याची फाइल येणार हे तिनं धरून ठेवलं होतं. तिची कल्पना अशी होती की तो गर्दीतून येईल, इतरांच्या मधे, रोलरखालून सरकेल आणि पुढं जाईल. आपण त्या वेळी प्रेशरच्या काट्याकडे बघत असू. तो असा एकटा येईल, पाच वेळा, टेबलावर, आणि आपल्याला त्याच्या केसांकडे निरखून बघायला सांगतील, हे तिनं धरलं नव्हतं.

कारखान्यात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आडनाव सासरचं. त्या प्रकारानंतर नवऱ्यानं बदली मागून घेतली होती, कारण जुन्या वस्तीत दुकानात गेलं की बोलणं थांबायचं. कुणी वाईट बोलायचं नाही, नुसतं थांबायचं, आणि ती पिशवी भरून बाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायचं. इथं आल्यावर कुणी विचारलं, भावंडं किती, तर ती म्हणायची, मी एकटीच. पहिल्यांदा म्हणताना तिनं लगेच दुसराच विषय काढला होता. नंतर ते तिच्या तोंडात घरच्या पत्त्यासारखं बसून गेलं.

"तिसरा कसा वाटतो?" ऑपरेटरनं विचारलं. तिनं तिसरा तुकडा उचलला आणि ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. स्वस्त लॅमिनेट. लाटून पातळ केलेली फिल्म, पातळ गोंद. भांगाच्या रेषेपासून कानापर्यंत पांढुरकं पसरलं होतं. भाऊ म्हातारा दिसत होता. पन्नाशीचा, साठीचा. तसा तो कुणालाच कधी दिसणार नव्हता, आणि एक क्षणभर तिला तो तुकडा खाली ठेववेना. मग ती म्हणाली, "चांदी आहे. बाद." तुकडा टेबलाच्या त्या टोकाला सरकवला. घरी त्याला भोंगा म्हणायचे. तान्हेपणी रडायला लागला की तीन घरं पलीकडची बाई खिडकीतून विचारायची, अहो, कारखाना सुटला का? आईला वाटायचं की हे नाव शाळेत गेल्यावर सुटेल. ते सुटलं नाही, आणि तो लाँचवर लागला तेव्हा घरात सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली, कारण पहिल्याच दिवशी परत आल्यावर त्यानं आईला सांगितलं की भोंगा वाजवायचं काम आपल्याला पगारी मिळालंय. चौकशीत एकानं सांगितलं, त्यानं भोंगा वाजवला होता. दुसऱ्यानं सांगितलं, वाजवलाच नाही. दोघंही वाचलेले, दोघंही तिथं होते. तिला दोघंही खोटारडे वाटले नव्हते.

चौथा तुकडा जाड गोंदाचा, बिनचकाकीचा मॅट होता, कास्ट फिल्म, म्हणजे द्रवातून ओतून बनवलेली. ती मऊ असते, आक्रसत नाही. लाटलेली फिल्म जन्मभर आपल्या मूळ मापाकडे परत जायला बघते; महिने गेले की कडांना आत ओढते. कास्ट तसं करत नाही, जिथं बसवाल तिथं बसते. चौथ्यावर चांदी जवळजवळ नव्हती. मॅटमुळे काळा थोडा फिका झाला होता एवढंच. पाचवा तुकडा कडक, चकचकीत ग्लॉस. तिनं तो हातात घेतला आणि सवयीनं अंगठ्याचं नख त्याच्यावरून जोरात ओढलं, कपाळावरून गालापर्यंत, आणि ओढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. पण उमटलं काहीच नव्हतं. ती फिल्म बनवतातच त्यासाठी. तिच्यावर पेनानं लिहा, पुसून जातं. किल्ली ओढा, कळत नाही. तिनं पुन्हा नख ओढलं, आता मुद्दाम, जास्त जोरानं. काही नाही. भाऊ काचेमागून बघत होता तसाच बघत राहिला. मग तिनं चौथा घेतला आणि त्याच्यावर अगदी हलकं नख टेकवून ओढलं, कोपऱ्यात, खांद्याच्या खाली. पांढरी रेघ राहिली.

आणि त्या रेघेबरोबर तिला पुढचं सगळं दिसलं, इतकं स्पष्ट की जणू झालेलंच आहे. माणसं लाँचची वाट बघत उभी. ज्यांचं कुणी त्या भिंतीवर आहे अशी माणसं, आणि ज्यांचं कुणी नाही पण हातात किल्ली आहे, वेळ आहे, आणि नाव खाली लिहिलेलंच आहे. भिंतीवरच्या इतर कुणाला कुणी काही करणार नव्हतं. एकालाच करणार होतं.

कारखान्याची मालकीण आत आली. तिला सगळे मॅडम म्हणायचे, पाठीमागे आणि तोंडावरही. तिनं पाचही तुकड्यांकडे नजर टाकली, चेहऱ्याकडे नाही. "काय ठरलं? आर्किटेक्ट मॅट म्हणतोय. नदीकडून ऊन येतं म्हणे."

"कडक ग्लॉस घेऊ," ती म्हणाली.

"ग्लॉस? उन्हात?"

"लोक हात लावणार, मॅडम. ही काही दुकानाची पाटी नाही. लोक हात लावणारच. मॅट महिन्यात खराब होईल."

मॅडमनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता. तिच्या शब्दावर आजवर एकही काम परत आलेलं नव्हतं. "तू म्हणतेस तर ग्लॉस. त्याला मी समजावते. परवा पक्कं सांग," मॅडम म्हणाली आणि फोन कानाला लावून बाहेर गेली. ती टेबलापाशी उभी राहिली. तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. प्रत्येक शब्द कुठल्याही दुसऱ्या कामावरही तसाच सांगितला असता. तरी आपण काहीतरी चोरून खिशात टाकलं आणि कुणी पाहिलं नाही, असं तिला वाटत राहिलं.

संध्याकाळी घरी गेली तेव्हा पिशवीत चौथा आणि पाचवा असे दोन तुकडे होते. घ्यायचे असं ठरवलं नव्हतं. टेबल आवरताना हातानं घेतले. आई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. त्या प्रकारानंतर ती लेकीकडेच राहायला आली होती आणि आल्यापासून घरातल्या सगळ्या फाटक्या गोष्टी संपत आल्या होत्या. आता ती न फाटलेल्याही उसवून शिवायची. लेकीनं तुकडे पिशवीतून काढले, पुन्हा आत घातले, पुन्हा काढले. आई म्हणाली, "काय चाललंय? दाखव तरी." तिनं ते आईच्या मांडीवर ठेवले, अभ्र्यावर. आईनं सुई अभ्र्यात टोचून ठेवली, चष्मा वर सरकवला. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती धरत नव्हती.

"कुठला हा फोटो?"

"ओळखपत्रावरचा. कंपनीनं दिला असणार."

"केस विंचरलेत," आई म्हणाली. "कुणीतरी बसवून विंचरायला लावले असतील. आपण होऊन कधी नाही." मग तिनं ग्लॉसचा तुकडा उचलला, लांब धरला, जवळ धरला, मान वाकडी केली. "ह्याच्यात खिडकीच दिसतेय. आणि माझा चष्मा." तिनं तो बाजूला ठेवला आणि मॅटचा घेतला. "हा दिसतो."

"त्याच्यावर ओरखडे पडतात, आई. नुसत्या नखानंसुद्धा."

"कोण पाडणार?"

लेक पिशवीची घडी घालू लागली. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. अंगठ्यानं ती तुकड्याची कड चाचपत होती, कापड कुठं विरलंय ते बघावं तशी. "पाडतील," आई म्हणाली. "पाडतीलच. दुसऱ्या कुणाच्या लाँचवर माझी पोर तशी गेली असती तर मीही काय केलं असतं कुणास ठाऊक." मग तिनं दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून परत दिले. "पण बाकीच्यांच्या आया येतील ना तिथं? इतक्या लांबून येऊन त्यांना काय स्वतःचा चष्मा बघायचाय?" आणि अभ्र्यातली सुई काढून ती पुन्हा टाके घालू लागली. स्कूटर एकदाची सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्याच्या मागच्या अंगणातल्या लोखंडी पिंपाला दोन्ही तुकडे बाहेरून चिकटवले. पिंपाचा गोलावा भिंतीपेक्षा जास्त होता, पण अंदाज आला असता. ऊन थेट त्याच्यावर यायचं. दुपारी जाऊन पाहिलं तर दोन्ही जसेच्या तसे. त्यानंतरच्या सकाळी कडक ग्लॉसनं वरचा कोपरा सोडला होता. थोडासाच, पापणी उघडावी इतका. तिनं तो दाबला, त्यानं पुन्हा सोडला. कडक फिल्म वाकायला तयार नव्हती. सरळ व्हायला बघत होती आणि खालच्या व्हिनाइललाही बरोबर ओढत होती. ती पिंपासमोर उकिडवी बसून राहिली. भिंतीवर हेच होणार होतं. एका चेहऱ्याला वाचवायला सगळ्यांचे कोपरे सुटणार होते, आणि सुटलेला कोपरा दिसला की लोक त्याला धरून ओढतातच. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. निर्णय तिच्या हातून पिंपानं घेतला होता. पण तसं वाटलं नाही, कारण परवा आईच्या मांडीवरच तो झाला होता हे तिला ठाऊक होतं, आणि कोपरा सुटला नसता तरी तिनं तेच सांगितलं असतं की नाही हे मात्र ठाऊक नव्हतं.

"परवा तर कडक ग्लॉस म्हणत होतीस," मॅडम म्हणाली.

"भिंत वाकडी आहे," ती म्हणाली. "मॅट घेऊ. कास्ट. जाड गोंदाचा."

लॅमिनेशनला अख्खा दिवस लागला. रोलर थोडे कोमट ठेवले, वेग निम्म्यावर आणला, म्हणजे गोंदाला शाईच्या बेचक्यांत उतरायला सवड मिळते. ऑपरेटर पलीकडून पट्टे ओढून घेत होता, ती अलीकडून सोडत होती. एका उभ्या पट्ट्यात चार चेहरे, एकाखाली एक. माणसं रोलरखाली जात होती आणि पलीकडे थोडी शांत होऊन निघत होती. मॅट चढला की उजेडाची चकाकी जाते आणि चेहरा आपल्याकडे बघायचं थांबवून स्वतःशीच काही विचार करतोय असं वाटतं. एक शाळेच्या गणवेशातला मुलगा होता. कानात मोठी कर्णफुलं घातलेल्या जुळ्या बहिणी होत्या, दोघी वेगवेगळ्या पट्ट्यांत. चिठ्ठ्यांनी त्यांची ताटातूट केली होती. एक म्हातारा असा हसत होता की फोटो काढणाऱ्यानं मागून काहीतरी चावट सांगितलं असावं. तीन वर्षं तिनं या माणसांचा आकडा ऐकला होता. त्या आकड्यातून एकाला वजा केल्यावर उरतात ती माणसं, एवढंच ती आजवर त्यांना समजत आली होती. भावाचा पट्टा दुपारी आला. तो सगळ्यांत खाली होता, शेवटी रोलरखाली गेला. तिनं काट्याकडे पाहिलं नाही. केसांवर चांदी नव्हती. त्याच्या फोनवरचं शेवटचं बोलणं तिला आठवलं, चौकशी अधिकाऱ्याला तिनं सांगितलं होतं तेच: "चाक फार ढिलं झालंय, ताई. आत्ता फिरवलं की लाँचला जरा वेळानं कळतं." अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं होतं. अहवालात शेवटी चाकही होतं, जास्तीची माणसंही होती आणि वेगही होता. वेग त्याच्या हातात होता. ते ती कुणाशी बोलली नव्हती, आईशीही नाही.

उद्घाटनाला मॅडम गेली, आर्किटेक्टबरोबर. ती गेली नाही, तिला दुसरं काम होतं, आणि ते खरंच होतं. परत आल्यावर मॅडम म्हणाली, "फार छान झालंय. लोक रडत होते," आणि मग, "कुणी काही बोललं नाही लॅमिनेटबद्दल." त्यांच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

महिनाभरानं धक्क्यावरून फोन आला. एका पट्ट्याचं नुकसान केलंय, बदलून द्या. मोबाइलवर आलेला फोटो मॅडमनं टेबलावर ठेवला. तिनं तो न उचलताच पाहिला. दोन्ही डोळ्यांवरून आडव्या रेघा, खूप वेळा, एकमेकींवर, मॅट फाटून, शाई खरवडून, पार खाली भिंतीपर्यंत. हे नखाचं काम नव्हतं. "मीच जाते," ती म्हणाली. "फिटर दोघंही दुसऱ्या कामावर आहेत."

नवीन पट्टा छापून निघत होता तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "हा तर आपला टेस्टवाला. ह्या बिचाऱ्यालाच का ओरबाडलं कुणी?"

"लाँच हा चालवत होता."

"अरे," ऑपरेटर म्हणाला. "हा होय तो."

"माझा भाऊ."

मशीनचं डोकं एकदा डावीकडून उजवीकडे गेलं, मग उजवीकडून डावीकडे. मशीनच्या पत्र्यावर एका बाजूला ऑपरेटरनं त्या दिवशी बाद ठरलेला तिसरा तुकडा चिकटवून ठेवला होता, नव्या लोकांना चांदी कशी दिसते ते दाखवायला. तो तिकडे गेला आणि नखानं त्याचा कोपरा उचकटायला लागला. "मी आपला केस काळे म्हणून," तो म्हणाला. "मला काय कल्पना, ताई. तुम्ही बोलायचं तरी."

"टेस्टला तू बरोबर घेतलास," ती म्हणाली. "राहू दे तो. उपयोगी आहे." पण त्यानं तो काढलाच, आणि मग हातात धरून उभा राहिला. फेकायचा कसा आणि द्यायचा कसा, हे त्याला कळेना. शेवटी तिनंच तो घेतला आणि कपाटात सपाट ठेवला.

धक्क्यावर ती सकाळी पोचली. एक लाँच नुकतीच सुटली होती, त्यामुळे प्रतीक्षागृह रिकामं होतं. फक्त टोकाच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पर्स, पायात चालायचे बूट. नदीकडची बाजू उघडी होती आणि वारा सरळ आत येत होता. तिनं शिडी उघडली, हीटगनची वायर जोडली आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला गरम हवा द्यायला सुरुवात केली. गोंद मऊ झाल्यावर कड नखात धरून खाली ओढली. सगळ्यांत वरचा चेहरा, विशीतली एक मुलगी, भिंतीपासून अलगद सुटून उलटी झाली.

"अहो!" बाकावरची बाई उठून जवळजवळ धावत आली. "अहो, तिला का काढताय? तिला काय झालंय?"

"तिला काही नाही. नुकसान खाली आहे," ती शिडीवरून म्हणाली. "पण पट्टा अखंड असतो. एक बदलायचा तर चारही काढावे लागतात. नवीन आणलाय, हा बघा. तीच आहे." तिनं खाली उतरून गुंडाळी थोडी उलगडून दाखवली.

बाईनं मुलीचा चेहरा पाहिला, मग भिंतीवर राहिलेला खालचा, डोळे नसलेला चेहरा पाहिला. तिचा श्वास अजून बसला नव्हता. "म्हणजे माझ्यामुळं," ती म्हणाली. "मी केलं ते. किल्लीनं." तिनं पर्सवर हात ठेवला, किल्ली अजून तिथंच असल्यासारखा. "दर आठवड्याला येते मी. तिच्यापर्यंत हात पोचत नाही. टाचा उंच केल्या तरी नाही पोचत. आणि हा इथं, बरोबर हाताशी." तिनं आपल्या छातीच्या उंचीवर हात धरून दाखवलं. "मला ठरवून नाही करायचं होतं. तुम्हाला सांगायचं असेल कुणाला तर सांगा."

तिनं हातातली गुंडाळी पुन्हा घट्ट केली. हे करणाऱ्या माणसाला भेटल्यावर आपण काय बोलू, हे तिनं पुष्कळदा बोलून पाहिलं होतं, भांडी घासताना, रोल कापताना. त्यातला तिचा आवाज कधी चढा असायचा, कधी फार समजूतदार. आता त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. "भाऊ माझा," ती म्हणाली. "धाकटा."

बाई मागं सरकली नाही. तिनं मान हलवली, हो म्हणायला नाही आणि नाही म्हणायलाही नाही. मग म्हणाली, "तुमच्यासारखा दिसत नाही." "नाही," ती म्हणाली. "तो आईवर गेलाय." काम पुढं न्यावंच लागणार होतं म्हणून तिनं जुना पट्टा खालपर्यंत सोलून काढला, भिंतीवरचा गोंद पुसला, भिंत कोरडी केली. बाई बाकावर परत गेली नाही.

नवीन पट्टा वरून सुरू करायचा असतो. मागचा कागद वीतभर सोडवून कड सरळ रेषेत टेकवायची, मग खाली कागद ओढत ओढत दाबत यायचं. दोन माणसांचं काम. एरवी फिटर जोडीनं येतात. तिनं शिडीवर चढून कड टेकवली आणि त्याच वेळी वाऱ्यानं खालचा सगळा पट्टा उचलला. तो पतंगासारखा फडफडला, वळून स्वतःलाच चिकटायला निघाला. बाईनं दोन्ही हातांनी खालची टोकं धरली.

"ओढू नका," ती वरून म्हणाली. "नुसतं धरा. भिंतीपासून लांब."

"धरलंय."

तिनं रेषा पुन्हा जुळवली. मग हातातल्या स्क्वीजीकडे पाहिलं, कडेला मऊ कापड लावलेली ती प्लॅस्टिकची पट्टी, आणि खाली त्या बाईकडे पाहिलं. ती शिडीवरून उतरली. "मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही वर जा. तिचं तुम्ही दाबा."

"मला नाही यायचं. सुरकुत्या पडतील."

"पडणार नाहीत. मऊ असतं हे. मधून बाहेर, कपाळापासून सुरुवात करा. घाई करू नका, हवा राहता कामा नये."

बाईनं पर्स बाकावर ठेवली आणि शिडी चढली. सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली ती एका हातानं पट्टा धरून होती, दुसऱ्यानं शिडी. वरून फक्त कापड व्हिनाइलवर घासल्याचा आवाज येत होता. कपाळ, मग दोन्ही बाजूंनी केस, मग गाल. मधे एकदा तो थांबला. ती खाली मान घालून बोटांत धरलेल्या कागदाच्या कडेकडे बघत राहिली. मग आवाज पुन्हा सुरू झाला. "असंच ना?" बाईनं विचारलं. "असंच," तिनं खालून सांगितलं, "आता हनुवटी."

मुलीचा चेहरा पुरा बसला. मग त्याखालचा, कर्णफुलांवाल्या जुळ्यांपैकी एकीचा. मग शाळेतल्या मुलाचा. एकेक चेहरा झाला की बाई एक पायरी उतरत होती आणि ती कागद थोडा आणखी सोडवत होती. धक्क्याला लाँच लागली. माणसं उतरली, बाजूनं वळसा घालून गेली. कुणी एकानं थांबून विचारलं, नवीन लावताय का, आणि बाईच म्हणाली, "हो, खराब झालं होतं." लाँचमध्ये माणसं भरली, भोंगा झाला, ती सुटलीही. बाई जिनं जाणार होती ती लाँच बहुतेक हीच होती.

शेवटचा चेहरा राहिला तेव्हा बाईचे दोन्ही पाय जमिनीवर होते. भाऊ तिच्या छातीच्या उंचीवर अर्धा भिंतीवर, अर्धा हवेत होता. तिनं स्क्वीजी एकदा त्याच्या कपाळापर्यंत नेली आणि तिथंच थांबवली. मग ती उलटी करून, मुठीची बाजू पुढं करून दिली.

"हा तुमचा," बाई म्हणाली. "तुम्ही करा."

तिनं स्क्वीजी घेतली. बाईनं वाकून खालची टोकं धरली, भिंतीपासून लांब, न ओढता. वारा होताच.